कोकणातलं लहान घर: आहे त्याच जोत्यावर जागा कशी काढायची

कोकणातलं घर कागदावर ६०० चौरस फूट असलं तरी वापरात ते वर्षभर सारखं राहत नाही. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत खळं (घरापुढचं सारवलेलं अंगण) ही घरातली सगळ्यात मोठी खोली. आमसुलं, फणसाचे पापड, सुकी मासळी तिथेच वाळते, संध्याकाळी माणसंही तिथेच बसतात. मिरग (मृग नक्षत्र, पावसाची सुरुवात) लागला की ही खोली बंद. मग चार महिने सगळा पसारा ओटी (पुढची बसायची जागा), पडवी (भिंतीबाहेरचा छपराखालचा पट्टा) आणि माजघरात (घराच्या मधल्या खोलीत) शिरतो. आणि नेमके त्याच चार महिन्यांत गणपती येतात. एरवी दोन म्हातारी माणसं राहणाऱ्या घरात पंधरा जण जेवायला बसतात, आरतीला आणि भजनाला त्याहून जास्त.

म्हणून मुंबईच्या वन बीएचकेच्या युक्त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. तिथे जागा कमी म्हणून आडभिंती घालून खोल्या पाडतात. इथे खोल्या पाडत गेलात तर गणपतीत घर अंगावर येतं. माझं म्हणणं असं की कोकणी घरात माजघर जितकं मोकळं ठेवता येईल तितकं ठेवावं आणि बाकीची सोय पडवी, माळा आणि भिंतींतून काढावी. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलंय. घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), छप्पर कौलारू, कुटुंब लहान आणि बजेट त्याहून लहान, असं धरून चाललोय.

आधी वही, मग हातोडा

घराचा नकाशा स्वतः काढा. टेप घ्या, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी लिहा, आणि उंची दोन ठिकाणी मोजा: एकदा आढ्याखाली (छपराच्या सगळ्यात उंच आडव्या लाकडाखाली), एकदा वळचणीपाशी (छपराच्या खालच्या कडेपाशी). कौलारू घरात खरी जागा या दोन आकड्यांच्या मध्ये लपलेली असते. नुसती लांबी-रुंदी लिहून आणलेल्या नकाशावर काही ठरवता येत नाही.

मग दोन याद्या करा. एक जुलैची, एक गणपतीची. जुलैच्या यादीत काय काय येतं? आगोटीचं (पावसाळ्यासाठी आधीच) भरलेलं सामान, तांदळाची पिंपं, लाकूडफाटा, नारळ, सोडणं (नारळाची सालं), छत्र्या, ओली पायताणं, आणि सगळ्यांत जागा खाणारी गोष्ट म्हणजे वाळत घातलेले कपडे. मी कुणाचं घर बघायला गेलो की पहिला प्रश्न घरातल्या बाईला विचारतो, “वहिनी, पावसात कपडे कुठे वाळत घालता?” बहुतेक वेळा उत्तर म्हणून त्या फक्त वर बोट करतात. माजघरात या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत दोरी, तिच्यावर चादरी आणि खाली वाकून जाणारी माणसं. त्या घरात अडचण खोलीची नसते, दोरीची असते. ती दोरी हलवली की माजघर आपोआप मोठं होतं.

गणपतीच्या यादीत मखर किंवा माटवीची (गणपतीवर टांगायच्या सजवलेल्या चौकटीची) जागा, आरतीला उभं राहायची जागा, पंगतीची जागा आणि रात्री अंथरुणं पडतील ती जागा लिहा. या चारही गोष्टी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी लागतात, म्हणून एकच मोकळी खोली त्या सगळ्या भागवू शकते. पलंगांनी भरलेली खोली यातलं काहीच भागवत नाही.

याद्या झाल्या की माळा रिकामा करा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माळ्यावरचं निम्मं सामान मुंबईच्या कुणा काकांचं असतं आणि ते टाकायची परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. फोन करा, फोटो पाठवा, पण तारीख ठरवून द्या. नाहीतर तुम्ही नवीन माळा बांधाल तो त्याच ट्रंका ठेवायला.

कागद

घर आजोबांच्या नावावर आणि वारस चौघे, ही कोकणातली नेहमीची स्थिती. ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा (घरपट्टीच्या नोंदीचा) काढून त्यावर नाव कुणाचं आणि क्षेत्र किती ते बघा. सहहिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती कामाआधी घ्या. आतल्या आत फेरफार करणार असलात तरी घ्या, कारण भिंतीला हातोडा लागला की गावातून मुंबईला बातमी त्याच दिवशी पोचते. ग्रामपंचायतीलाही कामाचं स्वरूप अर्जाने कळवा आणि पोच घ्या.

समुद्राजवळ किंवा खाडीकाठी घर असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास पट्ट्यातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, मात्र आहे तेवढंच चटई क्षेत्र आणि आहे तेवढंच जोतं (घराचा चौथरा), त्याबाहेर जायचं नाही. घर ‘वाढवण्या’पेक्षा आतून सुधारणं इथे शहाणपणाचं ठरतं ते या कारणानेही.

कोणती भिंत कशावर उभी आहे

टॉर्च घेऊन माळ्यावर चढा आणि तुळया (आडवी जाड लाकडं) कुठे टेकल्यात ते बघा. ज्या भिंतीवर तुळई किंवा आढ्याचा खांब बसलाय ती भिंत काढायची नाही. वर काही न टेकलेली, पुढे कधीतरी घातलेली अर्ध्या विटेची किंवा कुडाची (काट्या-मातीची) आडभिंत असेल तर ती बिनधास्त काढा. माजघर आणि शेजारची काळोखी खोली यांच्यामधली भिंत बरेचदा अशीच असते.

मग भिंत कशात रचलीय ते तपासा. गिलावा थोडा खरवडून दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात खिळा फिरवा. माती भुरभुर खाली आली तर भिंत मातीत रचलेली आहे. अशा भिंतीला मोठं भगदाड सोसत नाही. नवीन दार पाडायचं तर तीन फुटांपेक्षा रुंद नको, कोपऱ्यापासून निदान तीन फूट लांब हवं, आणि तुळईच्या बरोबर खाली तर नकोच. आधी वरच्या तुळयांना दोन्ही बाजूंनी टेकू, मग वरचा लिंटल (दारावरची आडवी पट्टी) दोन्हीकडे नऊ-नऊ इंच भिंतीत घुसवून बसवायचा, आणि त्यानंतरच खालचे चिरे काढायचे. गवंडी उलट क्रमाने सुरुवात करत असेल तर त्याला चहाला बोलवा आणि थांबवा.

कौलं काढून स्लॅब घालायचा विषय इथेच संपवतो. पाच इंची काँक्रीटच्या १०० चौरस फूट स्लॅबचं वजन जवळजवळ तीन टन होतं. मातीत रचलेल्या चिऱ्यावर हा भार घालू नये. घालायचाच तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तो सांगेल तसे कॉलम करा. शिवाय आजूबाजूला बघा. स्लॅबच्या घरांवर गळतीपायी पुन्हा पत्र्याची शेड चढवलेली दिसेल. मग कौलांनी काय घोडं मारलं होतं?

पडवी बंद करताना

सगळ्यात स्वस्तात मिळणारी जागा पडवीची, आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाते तीही पडवीच. जोतं तयार, वर छप्पर तयार. लोक तिला तीन बाजूंनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून टाकतात आणि आत बेडरूम करतात. पहिल्या झडीत पाणी खिडकीच्या खालच्या पट्टीत साठतं आणि आत वाहतं, ऑगस्टमध्ये गादीला बुरशी येते, आणि मधल्या खोलीचा उजेड कायमचा जातो.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आधी तुमच्या पडवीचं तोंड कुठे आहे ते बघा. पश्चिम किंवा दक्षिण अंगाची पडवी झोपायच्या खोलीसाठी घेऊ नका. ती सामानाची, चुलीची, कपड्यांची. उत्तर किंवा पूर्व अंगाची पडवी खोली म्हणून चालते.

खोली करायची तर कडेला अडीच-तीन फूट उंच चिऱ्याची भिंत घ्या, तिच्यावर लाकडी गज किंवा जाळी. भिंतीचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, म्हणजे पाणी टेकणार नाही. पावसाळ्यापुरते बाहेरून झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा, नाहीतर जाड प्लास्टिकचे पडदे लावा आणि दिवाळीला काढून ठेवा. झाप बांधणं मागासलेलं वाटत असेल तर वाटू दे. हवा येते, पाणी येत नाही, आणि दरवर्षी नवं बांधता येतं.

वळचणीचं पुढे आलेलं छप्पर कापू नका. दोन-अडीच फूट तरी बाहेर हवंच, त्याच्यावरच भिंतीचा पाया कोरडा राहतो. उंचीची अडचण मात्र खरी आहे. पडवीच्या कडेला वळचण सहा फुटांवर असते, म्हणून तिथे उभं राहायचं काम ठेवू नये. पलंग, बाकडं, अभ्यासाचं टेबल, खालची कपाटं कडेला, आणि चालायची वाट आतल्या भिंतीच्या अंगाने. एवढं एक पाळलं तरी आठ फुटी पडवीत एक नीट खोली बसते.

पडवीचा एक तुकडा, चार फूट का होईना, उघडा राहू द्या. ओली छत्री, रेनकोट, चिखलाची पायताणं, येणाऱ्या माणसाचं पाय धुणं हे सगळं तिथेच थांबतं. हा तुकडा नसला की चिखल माजघरापर्यंत येतो.

आता दोरीचं. मागच्या पडवीत, चूल किंवा पाणी तापवायचा बंब असेल त्याच्या जवळ, छपराला कप्पीचा स्टँड टांगा. कपडे घातले की वर ओढायचा, डोक्यावरून जातो. चुलीची ऊब आणि वाहती हवा दोन्ही मिळतात. गॅस घरात आला म्हणून मागची चूल मोडू नका. तिच्या धुराने छपराच्या लाकडाला कीड कमी लागते असं जुनी माणसं सांगतात, आणि चूल बंद झालेल्या घरांचे वासे बघितले की ते पटतं.

माळा

माळ्यावर किती जागा आहे हे डोळ्याने कळत नाही, हिशोब करावा लागतो. समजा आढ्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आडवं अंतर १० फूट, छपराचा उतार ३० अंश, भिंत ९ फूट उंच आणि माळ्याची फळी जमिनीपासून साडेसात फुटांवर. तर आढ्याखाली माळ्यावर साधारण सात फूट उंची मिळते, पण दोन्ही बाजूंना चार-चार फूट सरकलात की ती पाचावर येते. म्हणजे माणसाने वावरायला मधला आठ फुटांचा पट्टा, आणि कडेचं सगळं सामानाला. घर २० फूट लांब असेल तर हा पट्टाच १६० चौरस फूट झाला. गणपतीत सहा-सात अंथरुणं पडायला पुरेल एवढा.

ही खोली मे महिन्याच्या दुपारी वापरायची नाही, तिथे भट्टी असते. रात्री ठीक. वासे आणि फळ्यांची तक्तपोशी (वाशांखालचं छत) यांच्यामध्ये हवा खेळायला फट ठेवली आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीची खिडकी काढली तर फरक पडतो. खिडकीला बारीक जाळी हवीच, नाहीतर उदमांजर बिऱ्हाड करतं.

तुळया ऐन, किंजळ किंवा सागाच्या असतील आणि टोकं सडली नसतील तर त्यांच्यावरच फळ्या टाका. टोकं तपासायची पद्धत सोपी आहे. भिंतीत जिथे तुळई शिरते तिथे सुरीचं टोक दाबा. सहज आत गेलं तर ती तुळई बदला. नवं लाकूड घेण्याआधी मोडलेल्या जुन्या घरांचं लाकूड कुठे मिळतंय का विचारा, ते मुरलेलं असतं. लोखंडी पाइपांचा सांगाडा करणार असाल तर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा थर) आणि रंग सांगाडा बसवायच्या आधी द्या, चारही बाजूंनी. बसवल्यावर भिंतीकडची बाजू कुणीच रंगवत नाही आणि खारी हवा तिथूनच सुरुवात करते.

शिडी की जिना? साडेसात फूट चढायला नऊ इंची दहा पायऱ्या लागतात आणि तो अरुंद जिना पावणेसात फूट लांबीत बसतो. म्हणजे सवादोन फूट रुंदीने १५ चौरस फूट गेले. पण त्याच्या पोटात तांदळाची पिंपं, इन्व्हर्टर आणि वाळवणाचे डबे मावतात, म्हणून मी जिन्याच्या बाजूने आहे. काढून ठेवायची शिडी आठवड्याभरात कुठेतरी पडवीत जाते आणि माळा पुन्हा अडगळ होतो. पायऱ्या उभ्या आहेत, म्हणून दोन्ही हातांना कठडा द्या, आणि म्हाताऱ्या माणसांची रोजची एकही वस्तू वर ठेवू नका.

उजेडासाठी काचेची कौलं. जिन्याच्या डोक्यावर एक आणि माजघराच्या बरोबर मध्ये दोन. मंगलोरी कौलाच्या मापाचीच मिळतात, जुनं काढून तिथेच बसतात, छपराला काहीच करावं लागत नाही. माकडांचा त्रास असलेल्या गावात ती वळचणीपाशी नको, आढ्याजवळ बसवा आणि खालून जाळी मारा. माकडांपायी लोक सगळं छप्पर पत्र्याचं करतात. तो निर्णय समजतो, पण मग पत्र्याखाली कौलं किंवा तक्तपोशी राहू द्या. उघड्या पत्र्याखाली जुलैत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आणि पत्रा असो की कौल, बांधणी नीट हवी. जून २०२० चं ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चं ‘तौक्ते’ चक्रीवादळ या पट्ट्याला तडाखा देऊन गेलं तेव्हा कुणाची छपरं राहिली आणि कुणाची उडाली हे गावोगाव लोकांनी पाहिलंय. कडेच्या दोन ओळी आणि कोने (आढ्यावरची कौलं) तारेने किंवा हुकाने बांधून घ्या.

भिंतीच्या पोटात

बाहेरून २० बाय ३० फुटांचं घर, चारही बाजूंना दीड फूट जाड भिंत. आतून उरतात १७ बाय २७, म्हणजे ४५९ चौरस फूट. जवळजवळ १४० चौरस फूट नुसत्या भिंतींनी घेतले. जुन्या लोकांना हे कळत होतं म्हणून त्यांनी कोनाडे, देवळ्या आणि फडताळं ठेवली. पुढे कुणीतरी ती चिरे लावून बुजवली आणि त्याच भिंतीपुढे दीड फूट खोल लोखंडी कपाट आणून ठेवलं.

बुजवलेली फडताळं आधी उघडा. भिंतीवर हाताने ठोकलं की आवाज बदलतो तिथे ती असतात. नवीन पाडायचं तर नऊ इंच खोल, दोन फूट रुंद, वर कडाप्प्याची किंवा लाकडाची पट्टी, आणि बाहेरच्या पावसाळी भिंतीत नको, आतल्या भिंतीत. मातीत रचलेल्या भिंतीला नवे कोनाडे पाडू नका, तिथे उथळ फळ्या आणि खुंट्याच बऱ्या.

दाराचंही बघा. अडीच फुटी दार उघडताना सुमारे पाच चौरस फूट जमीन अडवतं, त्या जागेत काही ठेवता येत नाही. आतल्या खोल्यांना भिंतीवर सरकणारं दार लावलं की ती सुटते. मुख्य दार जुनं आहे तसंच राहू द्या.

स्वयंपाकघर आणि न्हाणी

ओटा दोन फूट खोल, ३२ ते ३४ इंच उंच, आणि समोर तीन फूट मोकळे. याहून कमी जागेत दोन बायका एका वेळी काम करू शकत नाहीत आणि गणपतीत चार असतात. ओट्याचं एक टोक मागच्या दारापाशी आणा, म्हणजे मासे आणि नारळ यांचं काम मागीलदारी उरकतं. सिलिंडर जमिनीवरच ठेवा आणि जवळच्या भिंतीत तळाशी हवेसाठी जाळी ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साठतो.

संडास-न्हाणी घरात घेणं म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यांत उपयोगाची सुधारणा. ४ बाय ७ फुटांत दोन्ही बसतात. मागच्या पडवीचं टोक त्याला योग्य. शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, शेजाऱ्याच्या विहिरीचाही विचार करा. न्हाणीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा दोन इंच खाली ठेवा.

सामान घेताना

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड दुकानात कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, दोन पावसाळ्यांत फुगतं. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय), शिक्का बघून. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या स्टेनलेसच्या. किनाऱ्याला लागून घर असेल तर ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड जास्त टिकते. बॉक्स असलेला दिवाण टाळा, तळ भिजट होतो. चार पाय असलेली, खालून झाडता येणारी बाज बरी. वायरिंग जुनं असेल तर याच कामात बदला, अर्थिंग नीट करून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. ओल्या भिंतीच्या घरात ही चैन नाही.

कुठलं काम कधी

गवंडीकाम दिवाळीनंतर लगेच धरा, शिमग्यापूर्वी भिंती आणि न्हाणी उरकली पाहिजे. शिमग्यात कामगार मिळत नाहीत, मे महिन्यात सगळं गावच काम काढतं. छपराला हात एप्रिलच्या सुरुवातीला. कौलं उतरवून वासे-रिपा बदलून परत चढवायला वळवाच्या सरींच्या आधी मोकळे दिवस लागतात. सुतारकाम छप्पर झाल्यावर, आधी नाही.

कामाच्या काळात घरातल्यांनी कुठे राहायचं हेही ठरवा. एका वेळी निम्मं घर उघडलं तर उरलेल्या निम्म्यात चूल चालू राहते, म्हणून मागची पडवी आणि न्हाणी पहिल्यांदा, माजघर त्यानंतर, ओटी सगळ्यांत शेवटी.

पहिल्या पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर जा आणि जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा, कारण कौल सरकलंय ते खालून दिसत नाही आणि उघडीप मिळाली की जागा सापडत नाही. नव्या गिलाव्यावर या वर्षी प्लास्टिक पेंट लावू नका, ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पापुद्रे सुटतात. गणपतीपूर्वी घर स्वच्छ दिसायला हवं, ते खरंच आहे. त्यासाठी चुन्याचा एक हात द्या. रंगाचे पैसे बाजूला ठेवून दिवाळीनंतर भिंती खडखडीत वाळल्या की रंगारी बोलवा.